गावातल्याच बाईच्या हाती आरोग्य सोपवणाऱ्या डॉ. मेबल आरोळे

दवाखाना उघडला की रुग्ण येतात. पण गावातील गरोदर बाई येतेच असे नाही. हे ओळखून दवाखान्यालाच तिच्या उंबरठ्यापर्यंत नेणाऱ्या डॉक्टरांमध्ये डॉ. मेबल आरोळे यांचे नाव अग्रभागी आहे.

मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांची ओळख मूळचे नगर जिल्ह्यातील रजनीकांत आरोळे यांच्याशी झाली. १९६० मध्ये विवाहबद्ध होताना दोघांनी खेड्यातील गरिबांच्या सेवेचा संकल्प केला. नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांना सतत खटकत राहिली. बरे होऊन घरी गेलेले मूल काही दिवसांनी त्याच आजाराने परत येई. बहुतेक आजार टाळता येण्याजोगे होते आणि त्यांचे मूळ घरात, पाण्यात व अन्नात होते.

अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आले. जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. अर्भकमृत्यूचे प्रमाण त्या वेळी हजारी १७६ होते. मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल, या भीतीने गरोदरपणी पोटभर जेवू दिले जात नसे. बाळंतिणीचा चीक टाकून दिला जाई.

प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना गावोगावी ठेवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. शहरात शिकलेल्या परक्या मुलीला गावात राहणे अवघड होते आणि गावालाही तिचा भरवसा वाटत नव्हता. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत निरक्षर स्त्रिया होत्या, दलित समाजातील होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, एकत्र शिकत, एकत्र जेवत. जातीची बंधने प्रथम तेथे सैल झाली. गरोदर बाईची तपासणी, नाळ कापण्यासाठी निर्जंतुक पाते, धनुर्वाताची लस, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी, हे सारे त्या स्वतः शिकल्या आणि त्यांनी घरोघरी पोहोचवले. जोखमीचे बाळंतपण ओळखून त्या बाईला वेळेत रुग्णालयात आणणे, ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी ठरली.

१९७६ पर्यंत अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ५२ वर आले. प्रारंभी प्रसूतिपूर्व तपासणी जवळपास कोणीच करून घेत नसे. ती आता बहुसंख्य स्त्रियांपर्यंत पोहोचली होती. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ग्रंथात जामखेडच्या कार्याची दखल घेतली गेली. १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार, तर १९९० मध्ये पद्मभूषण लाभले.

सप्टेंबर १९९९ मध्ये मेबल यांचे निधन झाले. २००५ मध्ये देशात गावातील स्त्रीलाच 'आशा' म्हणून नेमण्याची योजना आली, तेव्हा जामखेडला हा अनुभव तीन दशकांहून अधिक काळाचा होता. मात्र त्यामागील खरी अट आजही विसरली जाते : निवड गावाची हवी आणि त्या बाईला डॉक्टरांनी बरोबरीने वागवायला हवे.