वाटी गेली, बॅट राहिली

इंग्लंडचा विख्यात फलंदाज डेनिस कॉम्प्टन याच्या गुडघ्याची वाटी नोव्हेंबर १९५५ मध्ये शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. त्या वेळी तो ३७ वर्षांचा होता. त्याची कारकीर्द संपली, असे मानायला सारी कारणे होती. तरीही अवघ्या नऊ महिन्यांनी, २३ ऑगस्ट १९५६ रोजी, तो ओव्हलच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत उभा राहिला. खेळाडूचे मोडलेले शरीर पुन्हा किती उभे राहू शकते आणि कोठे थांबते, या दोन्ही गोष्टी कॉम्प्टनच्या चरित्रात दिसतात.

कॉम्प्टनचा जन्म २३ मे १९१८ रोजी हेंडन येथे झाला. क्रिकेट आणि फुटबॉल हे दोन्ही खेळ त्याने व्यावसायिक म्हणून स्वीकारले. उन्हाळ्यात तो मिडलसेक्सकडून फलंदाजी करी आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळे. वयाच्या विसाव्या वर्षी, १९३८ मध्ये, त्याने ट्रेंट ब्रिजला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपल्या पहिल्याच कसोटीत शतक झळकावले. मात्र त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानावर चार्लटनच्या गोलरक्षकाशी झालेल्या टकरीत त्याचा गुडघा दुखावला. पुढे सारे आयुष्य त्याला छळणाऱ्या दुखण्याची ही सुरुवात होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी सेवेनिमित्त कॉम्प्टन भारतात आला आणि इंदूरजवळच्या महू छावणीत राहिला. तेथूनच तो कर्नल सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालील होळकर संघात दाखल झाला. मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला. विजय मर्चंट यांच्या २७८ धावांच्या बळावर मुंबईने होळकर संघापुढे ८६७ धावांचे अशक्यप्राय आव्हान ठेवले. सामना मुंबईने ३७४ धावांनी जिंकला. पण कॉम्प्टन अखेरपर्यंत २४९ धावांवर नाबाद राहिला. मुंबईकर रसिकांनी त्याचा खेळ असा ऐन भरात पाहिला.

१९४७ च्या इंग्लिश हंगामात त्याने १८ शतकांसह ३,८१६ धावा काढल्या. एका हंगामातील शतकांचा आणि धावांचाही हा विक्रम आजतागायत अबाधित आहे. पुढे सरसावत गोलंदाजावर चालून जाणे आणि गुडघा टेकवून स्वीप मारणे ही त्याच्या खेळाची ओळख होती. या दोन्ही फटक्यांचा सारा भार येतो तो गुडघ्यावर आणि मांडीवर. म्हणजे ज्या अवयवावर त्याची कला उभी होती, तोच अवयव आतून झिजत चालला होता.

एप्रिल १९५० मध्ये आर्सेनलने एफए चषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात कॉम्प्टन खेळला. पण त्यानंतर गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि क्रिकेटचा बराचसा हंगाम वाया गेला. त्याच हिवाळ्यात तो इंग्लंडचा उपकर्णधार म्हणून ऑस्ट्रेलियाला गेला. तेथील कसोटींमध्ये आठ डावांत मिळून त्याला केवळ ५३ धावा करता आल्या. मात्र तो खचला नाही. १९५३ मध्ये ओव्हलवर अॅशेस परत मिळवून देणारा विजयी फटका त्याच्याच बॅटमधून निघाला आणि १९५४ मध्ये त्याने पाकिस्तानविरुद्ध २७८ धावांची खेळी केली. गुडघा मात्र बिघडतच गेला. अखेर वाटी काढण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाचे गांभीर्य समजण्यासाठी वाटीचे काम समजून घ्यायला हवे. विहिरीवरच्या रहाटावरून दोर जातो, तसा मांडीच्या पुढच्या स्नायूंचा कंडरा वाटीवरून पुढे जाऊन नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. वाटीमुळे कंडरा सांध्यापासून थोडा पुढे राहतो आणि कमी जोरात पाय सरळ होतो. वाटी काढली की हा लाभ जातो. तोच पाय सरळ करण्यासाठी मांडीच्या स्नायूंना पूर्वीपेक्षा बराच अधिक जोर लावावा लागतो. शस्त्रक्रियेनंतरच्या सक्तीच्या विश्रांतीत नेमके हेच स्नायू सर्वांत आधी आणि सर्वांत झपाट्याने रोडावतात. ज्या स्नायूंकडून अधिक कामाची अपेक्षा, तेच दुबळे झालेले, अशी ही कोंडी असते.

त्यात दुसरी अडचण चरबीची. खेळाडूची भूक कष्टाच्या सवयीची असते. हालचाल थांबली तरी जेवण तसेच राहते आणि स्नायू घटत असताना मेद वाढत जातो. वजनकाट्यावरचा आकडा फारसा हलत नाही. पण तेच वजन आता शरीराला पेलणारे न राहता शरीरावरचे ओझे झालेले असते. दुखऱ्या सांध्यावर त्याचा भार वाढतो. वजन उतरवण्याच्या घाईत उपासमार केली, तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो. म्हणूनच आजचे क्रीडावैद्यक सांधा लवकर हलता करण्यावर, भार टप्प्याटप्प्याने वाढवण्यावर आणि आहार बेताचा पण प्रथिनयुक्त ठेवण्यावर भर देते. एकदा कमावलेला स्नायू पुन्हा कमावणे हे मुळात तो घडवण्यापेक्षा सोपे असते, ही त्यातली दिलासादायक बाब. वाटी समूळ काढण्याची शस्त्रक्रियाही आता क्वचितच केली जाते.

कॉम्प्टनच्या काळी यातले बरेचसे ज्ञान उपलब्ध नव्हते. वयही त्याच्या बाजूने नव्हते. मे १९५६ मध्ये त्याने ३८ वर्षे पूर्ण केली. त्या उन्हाळ्यात तो पुन्हा मिडलसेक्सकडून खेळू लागला आणि ऑगस्टमध्ये पाचव्या कसोटीसाठी त्याची निवड झाली. जिम लेकरने ओल्ड ट्रॅफर्डवर १९ बळी घेतल्यामुळे अॅशेस इंग्लंडकडेच राहणार हे ठरले होते. तरीही कॉम्प्टनच्या दृष्टीने या सामन्यात सारे काही पणाला लागले होते. इंग्लंडचे तीन गडी ६६ धावांत बाद झाले असताना त्याची आणि कर्णधार पीटर मे याची जोडी जमली. दोघांनी १५६ धावांची भागीदारी केली. कॉम्प्टन ९४ धावांवर बाद झाला. शतक सहा धावांनी हुकले. पण त्या डावाचे मोल शतकापेक्षा कमी नव्हते. दुसऱ्या डावात तो ३५ धावांवर नाबाद राहिला.

मात्र हे पुनरागमन म्हणजे गेलेले तारुण्य परत मिळणे नव्हते. त्यानंतरच्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर तो पाचही कसोटी खेळला. परंतु धावांची सरासरी पंचविशीच्या आतच राहिली. कमावलेल्या स्नायूंनी त्याला पुन्हा मैदानावर आणले, पण हरवलेल्या हाडाची जागा ते कायमची भरून काढू शकले नाहीत. मर्यादा ओळखून त्याने १९५७ च्या हंगामाअखेर व्यावसायिक क्रिकेटचा निरोप घेतला. लॉर्ड्सवर वूस्टरशायरविरुद्धच्या त्या निरोपाच्या सामन्यातही त्याने १४३ आणि ४८ धावा काढल्या.

७८ कसोटींत १७ शतकांसह ५,८०७ धावा आणि प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये १२३ शतके ही त्याची कमाई. पुढे त्याने वृत्तपत्रांतून क्रिकेटविषयी लेखन केले आणि बीबीसीसाठी समालोचन केले. २३ एप्रिल १९९७ रोजी त्याचे निधन झाले. लॉर्ड्सवर त्याच्या नावाची प्रेक्षागॅलरी आहे. नोव्हेंबर १९५५ मध्ये काढलेली ती वाटीही एमसीसीच्या संग्रहात जतन करण्यात आली आहे.