पांडुरंग सदाशिव खानखोजे

पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, मृत्यू : नागपूर, २२ जानेवारी १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, कृषिशास्त्रज्ञ व अध्यापक होते. गदर पक्षाच्या आद्य प्रवर्तकांपैकी ते एक होत. मेक्सिकोत त्यांनी मका व गहू या पिकांच्या सुधारित वाणांवर संशोधन केले आणि वनस्पतींच्या आनुवंशिकतेचे ज्ञान महाविद्यालयातून थेट शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले.

बालपण व परदेशगमन

खानखोजे यांचे बालपण वर्ध्यात गेले व पुढील शालेय शिक्षण नागपुरात झाले. त्यांच्या शालेय वयातच, १८९६-९७ आणि १८९९-१९०० मध्ये, मध्यप्रांतावर दोन भीषण दुष्काळ ओढवले. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी ते प्रभावित झाले. सशस्त्र लढ्याचे शिक्षण मिळवण्यासाठी ते देशाबाहेर पडले आणि जपानमार्गे अमेरिकेत पोहोचले. कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथील माउंट टॅमलपाइस लष्करी विद्यालयात त्यांनी युद्धशिक्षण घेतले. ओरेगन व वॉशिंग्टन राज्यांतील कृषी महाविद्यालयांत शेतीशास्त्राचे अध्ययन केले. बंदूक आणि बियाणे या दोन्ही विद्या त्यांनी अशा एकाच काळात आत्मसात केल्या.

क्रांतिकार्य

१९१३ मध्ये लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना आदींसह गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. पक्षाच्या लष्करी बाजूची जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्याकडे होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणमध्ये तेथील टोळ्यांच्या साहाय्याने ते इंग्रजांविरुद्ध लढले. तो प्रयत्न फसला. मायदेशाचे दार बंद झाल्याने काही काळ युरोपात काढून १९२४ मध्ये ते मेक्सिकोला गेले.

मेक्सिकोतील अध्यापन व संशोधन

मेक्सिकोत नुकतीच क्रांती होऊन गेली होती व जमिनीचे फेरवाटप चालू होते. मात्र हाती आलेल्या जमिनीतून अधिक धान्य कसे काढावे, हा प्रश्न लहान शेतकऱ्यापुढे होताच. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे वनस्पतिशास्त्र व पीकसुधारणा शिकवू लागले. त्याचबरोबर खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त शेतीशाळा चालवल्या.

आनुवंशिकता शिकवण्यास मका हे सोयीचे पीक आहे. शेंड्यावरील तुऱ्यात नरफुले, तर खोडावरील कणसात मादीफुले असतात. कणसाच्या रेशमी केसांवर पराग पडला की दाणा धरतो. हा पराग वाऱ्याने येत असल्याने निवडक झाडांचा संकर करण्यासाठी तुरा व कणीस पिशवीने झाकावे लागते आणि हव्या त्या झाडाचा पराग हाताने केसांवर टाकावा लागतो. पुढच्या पिढीत आई-वडिलांचे कोणते गुण उतरले, हे मग शेतातच दिसते.

टिओसिंटे हे मेक्सिकोतील रानगवत मक्याचे निकटचे आप्त. त्याला अनेक फुटवे व पुष्कळ लहान कणसे येतात, पण दाणे थोडे व कठीण असतात. त्याच्याशी मक्याचा संकर करून खानखोजे यांनी ‘टिओ-मका’ नावाचा प्रकार तयार केला. मक्याच्या नव्या वाणांवरील त्यांच्या पुस्तिकेसाठी प्रसिद्ध छायाचित्रकार टिना मोदोत्ती यांनी छायाचित्रे घेतली. चित्रकार दिएगो रिवेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या भाकरीविषयीच्या चित्रात खानखोजे यांना स्थान दिले.

स्वदेशी पुनरागमन

१९३६ मध्ये त्यांचा विवाह बेल्जियन वंशाच्या जान सिंदिक यांच्याशी झाला. त्यांना सावित्री व माया या दोन कन्या झाल्या. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, तत्कालीन मध्यप्रांत सरकारच्या निमंत्रणावरून ते कृषिविषयक सल्ल्यासाठी भारतात आले. पुढे ते नागपुरात स्थायिक झाले. ज्या मुलखातील दुष्काळ त्यांनी बालपणी पाहिला, तेथे आपले ज्ञान घेऊन ते परतले खरे. पण उमेदीची वर्षे परभूमीत सरली होती.

स्मृती

सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे. २०२२ मध्ये चापिंगो येथे लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.