कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, १९११–१९९८) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. केंब्रिज विद्यापीठातून १९३९ साली पीएच.डी. मिळवून विज्ञानशाखेतील ही पदवी संपादन करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. (वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ मध्ये डी.एस्सी. दिली होती, त्यामुळे ‘पहिल्या’ हा मान पीएच.डी.पुरता समजावा.) या बिरुदामुळे त्यांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचा विषय मात्र त्यामानाने कमी परिचित आहे. गरीब घरांतील मुलांच्या आणि गर्भवतींच्या ताटात जे अन्न पडते, त्यातले अंगी किती लागते, या प्रश्नावर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक वर्षे संशोधन केले.

बालपण व शिक्षण

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे (तेव्हाची ‘टाटा इन्स्टिट्यूट’) सुरुवातीच्या काळातील विद्यार्थी होते. लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी. घरातच विज्ञानाचे वातावरण असल्याने कमलाबाईंनी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी मिळवली. त्यानंतर वडील व काका शिकले त्याच संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज केला.

बंगळूरचा प्रवेश

संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तो अर्ज नाकारला. संशोधनास स्त्रिया पुरेशा सक्षम नसतात, असे त्यांचे मत होते. गुणपत्रिकेत उणे काढण्यासारखे काही नसल्याने कमला भागवत यांनी हा नकार मान्य केला नाही आणि संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थी म्हणून मान्यता मिळणार नव्हती. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागणार होते. शिवाय त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. ही शेवटची अट कोणाही पुरुष विद्यार्थ्याला कधी घातली गेली नसावी. कमलाबाईंनी अटी पाळल्या, पण हा अपमान त्या पुढे विसरल्या नाहीत आणि उतारवयातही त्याबद्दल स्पष्टपणे बोलत राहिल्या.

बंगळूरला एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्ष संपल्यावर रामन यांचे समाधान झाले व त्यांना नियमित प्रवेश मिळाला. त्यानंतर संस्थेचे दरवाजे इतर विद्यार्थिनींनाही खुले झाले. १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना एम.एस्सी. पदवी दिली.

केंब्रिज

पुढील शिक्षणासाठी त्या केंब्रिजला सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात दाखल झाल्या. बालपोषणाच्या इतिहासात हॉपकिन्स यांचे स्थान मोठे आहे. शुद्ध केलेली प्रथिने, स्निग्ध पदार्थ, पिष्ट व क्षार पुरेसे देऊनही उंदरांच्या पिलांची वाढ थांबते आणि त्यात थोडेसे दूध मिसळताच ती पुन्हा सुरू होते, हे त्यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. दुधातील ज्या अल्प घटकांमुळे हे घडते त्यांना पुढे जीवनसत्त्वे हे नाव मिळाले. या कामासाठी हॉपकिन्स यांना क्रिस्टियान आइकमान यांच्याबरोबर १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्यासोबत काम केले. हिल यांच्याकडे बटाट्यावर प्रयोग करताना, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांना आढळले. या विषयावरील त्यांचा पीएच.डी. प्रबंध जेमतेम ४० पानांचा होता.

दिल्ली व कुन्नूर

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. तेथून त्या निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. (हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली.) मोड आलेल्या धान्यांतील क जीवनसत्त्वावरील त्यांचा निबंध १९४२ मध्ये, तर काही खाद्यपदार्थांमुळे थायमिन (ब१ जीवनसत्त्व) निष्क्रिय होते, यावरील निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरड्या कडधान्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड येताना ते तयार होते. ताजी फळे ज्यांना परवडत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची होती.

मुंबई : कडधान्यांचे संशोधन

१९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांच्या हाताखाली विद्यार्थ्यांची मोठी फळी तयार झाली. नीरा, कडधान्यांतील प्रथिने आणि धान-आटा म्हणजे भाताचे पीठ, हे गरिबांच्या आहारातील तीन पदार्थ या गटाने अभ्यासासाठी निवडले.

यांतील कडधान्यांचे काम शास्त्रीय दृष्ट्या सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल. वाढत्या मुलाला शरीराच्या वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा अधिक प्रथिने लागतात. दूध, अंडी व मांस न परवडणाऱ्या घरात ही गरज मुख्यतः डाळी-कडधान्यांवर भागते. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते कडधान्यात भरपूर असते. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते. मात्र कच्च्या कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारे पदार्थही असतात. सोहोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकापासून भारतीय खाद्यपदार्थांतील ट्रिप्सिन-रोधकांचा शोध घेतला आणि वाल व डबल बी यांतील रोधक वेगळे करून त्यांचे गुणधर्म तपासले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर स्वादुपिंडात तयार होते. रोधकामुळे ते निकामी झाले की स्वादुपिंड आणखी विकर स्रवत राहते. या विकरात गंधकयुक्त अमिनो आम्ले असतात, आणि कडधान्यांत नेमकी तीच कमी असतात. परिणामी खाल्लेले प्रथिन पुरते मिळत नाहीच, शिवाय शरीरातील साठाही खर्ची पडतो. वालात रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी प्रथिनेही (हिमॅग्लुटिनिन) आढळली. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, त्यांपैकी एक प्रथिन आहारातून दिल्याने उंदरांची वाढ खुंटल्याचे दिसले.

वाल हे रायगडच्या किनारपट्टीचे खास पीक आहे. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल या भागांत भाताची कापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ते घेतले जाते, आणि भात, मासळी व वाल यांवरच येथील पिढ्या वाढल्या आहेत. तेथे वाल कच्चा खात नाहीत. बिरड्यासाठी तो भिजवून, मोड आणून, सोलून मग शिजवतात, तर हिवाळ्यातील पोपटीत ओल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह बंद मडक्यात वाफेवर भाजल्या जातात. भिजवल्याने व मोड आणल्याने अपायकारक घटक काही अंशी कमी होतात, सालाबरोबर टॅनिन जाते, आणि उरलेले बहुतांश काम ओलसर उष्णता करते. प्रयोगशाळेत ज्याची कारणे सापडली, ती रीत या घरांत आधीपासूनच होती. धोका राहतो तो इंधन वाचवण्यासाठी कडधान्य अर्धवट शिजवून लहान मुलाला भरवण्यात.

नीरा

ताड, माड व शिंदी यांच्या पोयीतून किंवा खोडातून रात्रभर ठिबकणारा, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. सूर्य वर आला की ती काही तासांत आंबते व तिची ताडी होते. मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने दारूबंदी आल्यावर ताडी उतरवणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न होताच. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनी यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तीत अ व क जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असल्याचे व रस आटवून गूळ केल्यावरही ते टिकत असल्याचे त्यांच्या गटाला आढळले. आदिवासी भागांतील कुपोषित किशोरवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात स्वस्त पूरक म्हणून नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कामासाठी सोहोनी यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

उत्तरायुष्य

आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी तांत्रिक सल्ला दिला. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना मिळाले, परंतु स्त्री असल्यामुळे ते काही वर्षे लांबले. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया’ या संस्थेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद भूषवले आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी १९९८ मध्ये नवी दिल्ली येथे त्यांचा सत्कार आयोजित केला. त्या समारंभातच सोहोनी कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. १८ जून २०२३ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनानिमित्त डूडल प्रसिद्ध केले होते.