प्राध्यापकी सोडून चर्मालयात : अप्पासाहेब पटवर्धन

देवगडहून घाटाकडे जाणारा रस्ता नांदगावच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तेथून दक्षिणेस वळले की कणकवली लागते आणि कणकवलीलगत गोपुरी आश्रम. आज हापूसमुळे ओळखल्या जाणाऱ्या या मुलुखाची चूल एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटत असे. शिकलेला तरुण बोटीत बसायचा तो परतण्यासाठी नव्हे. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी नेमकी उलटी वाट धरली.

४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे येथे त्यांचा जन्म झाला. तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए. झाले, काही काळ प्राध्यापकीही केली. त्या काळी एवढ्या शिदोरीवर पुण्या-मुंबईत आयुष्य सुखाने गेले असते. पण गांधीजींच्या सहवासात ते आले आणि पुढे कोकण हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणण्याचे कामही त्यांचेच. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते.

त्यांच्या स्वभावाची खरी ओळख तुरुंगात पटली. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या कारागृहात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मण कैद्याला ते देता येत नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. अप्पांनी अन्नाबाबत सत्याग्रह सुरू केला आणि ही वार्ता येरवड्यास पोहोचताच डिसेंबरमध्ये गांधीजींनीही त्यांच्या बाजूने उपवास आरंभला. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो सुटला.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, गोपुरीची स्थापना झाली. खेड्यातील लहान धंद्यांना ज्ञानाची व संघटनेची जोड द्यायची, हा तिचा हेतू. त्यांतही अप्पांनी निवडला तो सर्वांत उपेक्षित धंदा : मेलेल्या जनावराचे कातडे सोडवणे आणि ते कमावणे. गुरू मेले की गावाच्या लेखी त्याची विल्हेवाट एवढेच काम उरे. अप्पांचा हिशेब निराळा होता. कातडे नीट, न फाटता सोडवले तर त्याला भाव येतो. हाडांचे व मांसाचे खत होते, चरबी व शिंगेही वाया जात नाहीत. तत्त्वज्ञानाचा हा पदवीधर स्वतः सुरी घेऊन बसला, हे आप्तेष्टांना मानवणे कठीणच होते.

मात्र याच ठिकाणी त्यांच्या कार्यातील खरा पेच होता. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्य समाजाला मृत जनावरे ओढण्याचे काम सोडा, असे सांगत होते. कोकणातील महार समाजाने ते मनावर घेतले होते. अप्पा धंदा सुधारू पाहत होते. ज्यांच्या माथी तो पिढ्यान्‌पिढ्या मारला गेला त्यांना त्यातून सुटका हवी होती. कमाई वाढली म्हणून अपमान पुसला जात नाही, ही त्यांची बाजू खोटी नव्हती. यावर अप्पांपाशी एकच उत्तर होते. हे काम जातीचे राहू नये, ते सवर्णांनीही करावे. आणि आरंभ त्यांनी स्वतःपासून केला.

हाच न्याय त्यांनी मैलासफाईला लावला. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद व्हायची तर संडासच बदलला पाहिजे, हे ओळखून त्यांनी मैल्याचे सोनखत करणारा संडास प्रचारात आणला. तो गोपुरी संडास म्हणूनच ओळखला गेला. मैल्यापासून जळाऊ वायू मिळवण्याचे प्रयोगही झाले. गरीब कारागिराला सावकारी व्याज कसे पोखरते हे पाहून उत्तरायुष्यात त्यांनी व्याजाविरुद्ध लेखणी झिजवली. तो विचार मात्र फारसा कुणाच्या पचनी पडला नाही.

कोकणचे गांधी म्हणून ओळखल्या गेलेल्या अप्पांचे १० मार्च १९७१ रोजी निधन झाले. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र. गोपुरी आणि देवगड ज्या जिल्ह्यात येतात, तो सिंधुदुर्ग त्यानंतर दहा वर्षांनी, १९८१ मध्ये निराळा झाला. संडासाची सुधारणा पुष्कळांनी उचलली. कातड्याच्या कामाला मात्र त्यांच्यामागून सवर्ण घरांतील फारसे हात लागले नाहीत.