जसमाला दिल्लीच्या रंगमंचावर आणणाऱ्या शांता गांधी

गांधी हे आडनाव वाचले की चळवळीतल्या वाचकाच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी आम्ही समजू शकतो. पण माणूस आडनावावरून नव्हे, कामावरून जोखावा, हीच आपली शिकवण आहे. म्हणून आज शांता गांधी या नाट्यशिक्षिकेची ओळख करून देत आहोत.

शांताबाईंचा जन्म १९१७ साली नाशिकला झाला. घर गुजराती आणि सुखवस्तू. पुण्याच्या निवासी शाळेत इंदिरा नेहरू त्यांच्या सोबत होत्या. पुढे डॉक्टर होण्यासाठी त्या लंडनला गेल्या, पण तिथे नृत्याची आणि डाव्या विचारांची ओढ लागली आणि डॉक्टरकी मागे पडली. मायदेशी परतल्यावर अल्मोड्याला उदय शंकर यांच्या केंद्रात त्यांनी नृत्याचे धडे घेतले.

१९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे भुकेने मेली. त्याच वर्षी मुंबईत इप्टा स्थापन झाली. शांताबाई इप्टाच्या नृत्यपथकात शिरल्या. कला ही राजदरबाराची बटीक नाही, ती जनतेसाठी आहे, ही त्या पथकाची भूमिका होती. इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्यांच्याच नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा त्याआधीपासून वस्त्यावस्त्यांत लोकजागृती करीत होता. इप्टाचा इतिहास पुस्तकांत आला. जलशाच्या वाट्याला किती पाने आली?

पुढे शांताबाई दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकवू लागल्या. भासाची संस्कृत नाटके त्यांनी विद्यार्थ्यांकडून बसवून घेतली. पण आम्हाला त्यांचे मोठे काम वाटते ते ‘जसमा ओडन’. १९६८ च्या सुमारास गुजरातची भवाई ही लोककला त्यांनी या नाटकातून दिल्लीच्या रंगमंचावर आणली. ही भवाईच मुळी जातिबहिष्कारातून जन्मली. परंपरा सांगते की, चौदाव्या शतकात असाईत ठाकर या ब्राह्मणाने एका कुणब्याच्या मुलीला सोडवण्यासाठी तिच्यासोबत एका ताटात जेवण केले. जातीने त्याला वाळीत टाकले आणि तो खेळ करून पोट भरू लागला.

जसमा ही माती खोदणाऱ्या ओड समाजाची कष्टकरी बाई. पाटणचा राजा सिद्धराज तिच्यावर भाळला. तिने राजवैभव लाथाडले. राजाने ओडांचे रक्त सांडले, तेव्हा तलाव कोरडा राहील असा शाप देऊन तिने प्राण सोडले. शापाची भाषा आमच्या बुद्धीला पटत नाही, पण मजूर बाईने राजाला दिलेला नकार नक्कीच पटतो.

लोककथा मात्र तिथे संपत नाही. तलावाला पाणी यावे म्हणून माया नावाच्या अस्पृश्य तरुणाचा बळी देण्यात आला. मरण्यापूर्वी त्याने आपल्या लोकांच्या गळ्यातले मडके आणि मागे बांधलेला झाडू सोडवून घेतला. वाचकहो, हे मडके आणि हा झाडू आपल्या पूर्वजांनी पेशवाईत भोगला आहे. गुजरातचे दलित बांधव वीर मेघमाया म्हणून त्याला आजही स्मरतात. जसमा पाहणाऱ्याला माया ठाऊक असलाच पाहिजे.

१९८२ ते १९८४ या काळात शांताबाई नाट्य विद्यालयाच्या अध्यक्षा होत्या. १९८४ साली पद्मश्री मिळाली.  त्याआधीच, १९८१ साली त्यांनी मुंबईत ‘अवेही’ उभी केली होती. त्यातूनच १९९० मध्ये अवेही-अबॅकस प्रकल्प निघाला आणि ‘संगती’ हा अभ्यासक्रम महापालिकेच्या शाळांत पोहोचला. शरीर, पृथ्वी, समाज यांविषयी पाठांतर न करता प्रश्न विचारायला शिकवणारा हा अभ्यासक्रम. महापालिकेच्या शाळेत कोणाची पोरे शिकतात, हे आम्ही सांगायला हवे काय? २००२ साली शांताबाई गेल्या.

दिल्लीच्या विद्यालयात भवाई शिकवली जाऊ शकते, तर आपल्या विदर्भातली दंडार आणि खडी गंमत, आपला जलसा का नाही? वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीसारख्या गावात भीमजयंतीला नाटक बसवणाऱ्या तरुणाने गावातल्या म्हाताऱ्या शाहिराला आधी गुरुजी म्हणावे, त्याची गाणी वहीत उतरवून घ्यावीत. विद्यालये आपल्या दारी येण्याची वाट किती दिवस पाहायची?