डॉ. आनंदीबाई जोशी : आरोग्यसेवेसाठी एका तरुणीची हाक

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आज मोठ्या संख्येने मुली शिकत आहेत. त्यांना पाहताना आम्हांला एका मराठी मुलीचे स्मरण होते. वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच तिने भारतीय स्त्रियांच्या औषधोपचाराचा प्रश्न भर सभेत मांडला होता.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला. परंतु तो अवघे दहा दिवस जगला. या दुःखातूनच वैद्यकशास्त्र शिकण्याचा त्यांचा निर्धार जन्मास आला.

परदेशी शिक्षणासाठी गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. साहाय्य हवे असल्यास ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, असे त्यांना सुचविण्यात आले. ते त्या दांपत्याला मान्य झाले नाही. हा पत्रव्यवहार एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर या बाईंच्या वाचनात आला. त्यांनी कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार उघडले. सेवेची ही रीत आम्हां ख्रिस्ती जनांना अंतर्मुख करणारी आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केले. पुरुष वैद्यांपुढे जाण्याच्या संकोचाने स्त्रिया रोग अंगावर काढतात, म्हणून या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी निर्भयपणे सांगितले. आपण स्वधर्म न सोडता परत येऊ, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी त्या अमेरिकेस गेल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील थंडी व बदललेला आहार त्यांच्या प्रकृतीस मानवला नाही. तरीही प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम. डी. ही पदवी मिळविली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देण्यात आली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. पद हाती घेण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली.

या देशात डॉक्टर म्हणून सेवा करण्याची संधी त्यांना लाभली नाही. त्यांनी मांडलेला प्रश्न मात्र मागे राहिला. आपल्या ख्रिस्तसभेतही व्रतस्थ भगिनींना प्रसूतिसेवेसह वैद्यकीय कार्य करण्याची मोकळीक रोमकडून १९३६ साली मिळाली. तोवर आनंदीबाईंच्या मृत्यूस सुमारे पन्नास वर्षे लोटली होती.

मेळघाट व गडचिरोलीच्या दुर्गम वस्त्यांतील गर्भवती मातेला आजही उपचारासाठी दूरवर जावे लागते. आपल्या विदर्भातील युवक-युवतींनी हे अंतर आपलेच मानावे, त्याविषयी बोलावे आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी शिकून तेथे जावे, असे आम्हांला मनापासून वाटते. दुसऱ्यांच्या दुःखाविषयी बोलण्यासाठी आनंदीबाई मोठे होण्याची वाट पाहत थांबल्या नव्हत्या.