अनाथांचे सांगाती

हेन्रिक गोल्डश्मिट हे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. परंतु यानुश कोर्चाक या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या गोष्टी पोलंडमधील मुले आवडीने वाचीत असत. वॉर्सा येथील एका ज्यू वकिलाचे ते पुत्र. वडिलांना मनोविकार जडला आणि घराला उतरती कळा लागली; तेव्हा विद्यार्थिदशेतच शिकवण्या करून हेन्रिकने संसाराला हातभार लावला. पुढे ते डॉक्टर झाले. परंतु रुग्णालयातील नोकरी सोडून १९१२ साली त्यांनी ज्यू अनाथ मुलांच्या आश्रमाचे चालकत्व पत्करले.

त्या आश्रमाची रीत काही निराळीच होती. तेथे मुलांचे न्यायालय भरे आणि न्यायाधीशही मुलेच असत. मोठ्या माणसांवरही मुलांना फिर्याद करता येई. खुद्द कोर्चाकही आरोपी म्हणून त्या न्यायासनापुढे उभे राहिले होते. त्यांनीच रचलेल्या त्या कायद्यातील कितीतरी कलमे मात्र क्षमेची होती!

१९३९ साली जर्मन सैन्याने पोलंड जिंकले. पुढील वर्षी नाझी सत्ताधाऱ्यांनी वॉर्सातील ज्यूंना भिंतीआड कोंडले. आश्रमालाही तेथे जावे लागले. स्थलांतराच्या वेळी मुलांचे बटाटे हिरावले गेले, म्हणून कोर्चाक दाद मागावयास गेले, तर त्यांनाच तुरुंगात टाकण्यात आले. सुटून आल्यावर साठी उलटलेला हा डॉक्टर मुलांसाठी दारोदार अन्न मागत हिंडू लागला.

१८ जुलै १९४२ रोजी आश्रमातील मुलांनी रवींद्रनाथ टागोरांचे ‘डाकघर’ हे नाटक केले. त्यातील आजारी अमल घरात कोंडलेला असतो. खिडकीतून तो जग न्याहाळतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहता पाहता शांतपणे निद्राधीन होतो. बंगालमधील हा अमल त्या भिंतीआडच्या मुलांना परका कसा वाटावा? मुलांनी मृत्यूलाही निर्भयपणे सामोरे जावे, म्हणूनच कोर्चाकांनी हे नाटक निवडले, असे सांगतात.

चारच दिवसांनी ज्यूंची मृत्युछावणीकडे रवानगी सुरू झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमाची पाळी आली. कोर्चाकांना निसटण्याची संधी एकाहून अधिक वेळा चालून आली होती. मुलांना टाकून जाणे मात्र त्यांनी साफ नाकारले. सुमारे दोनशे मुले रांगेने निघाली. त्यांच्याबरोबर कोर्चाक आणि त्यांच्या जुन्या सहकारी स्तेफानिया विल्चिन्स्का याही चालत होत्या. आगगाडी त्यांना त्रेब्लिंकाला घेऊन गेली. त्यांतील कोणीही परतले नाही.

त्रेब्लिंका येथे आज हजारो ओबडधोबड दगड उभे आहेत. काहींवर गावांची नावे आहेत, पुष्कळांवर काहीच नाही. व्यक्तीचे नाव कोरलेला दगड एकच आहे. त्यावर कोर्चाकांच्या नावाशेजारी मुलांचाही उल्लेख आहे.